नकाशात मालक आहे, भूमिहीन कुठे आहे?

बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याबद्दल जे मत मांडले ते आजही ग्रामस्वराज्याचे गोडवे गाणाऱ्यांना झोंबते. आपल्या मागच्या पिढ्यांनी त्यांचे ऐकले. कोणी नागपूरच्या गिरणीत गेले, कोणी मुंबईच्या, कोणी रेल्वेत लागले. पण सगळ्यांनाच जाता आले नाही. जे मागे राहिले ते गावाच्या कडेला, बौद्धपुऱ्यात राहिले. आता त्यांच्या दारात शहरच येऊन उभे राहिले आहे.

अमरावती आणि अकोल्याच्या भोवती एक चक्कर मारून पाहा. नांदगाव पेठच्या औद्योगिक क्षेत्रात पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येत आहे, त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तासांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनिज विक्रम झाला. रस्ता आला की त्याच्या दोन्ही बाजूंना वावरे संपतात आणि सिमेंटचे खुंट उभे राहतात. 'एनए प्लॉट, सुलभ हप्ते' असे फलक लागतात. याला विकास म्हणतात. विकासाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की या सगळ्यात बौद्धपुऱ्याचे काय होते, आणि ते कोण ठरवते?

अमरावतीला खेटून असलेल्या एका गावात आम्ही याच विषयावर विहारात बैठक घेतली होती. एका निवृत्त गुरुजींनी नकाशाची मोठी प्रत आणली होती. पिवळा म्हणजे राहण्याचा भाग, हिरवा म्हणजे शेती, बाकी रंग रस्त्यांचे आणि आरक्षणांचे. मी एकेक रंग समजावून सांगत होते. मागे बसलेल्या एका आजींनी मध्येच विचारले, "ताई, ह्या नकाशात आमचं वावर कुठी हाये?" त्यांचे वावर म्हणजे ई-क्लासचा तुकडा. नवरा होता तेव्हापासून तिथे तूर-ज्वारी पेरतात. मी नकाशात ती जागा शोधली. तिथे सरकारी जमीन असे लिहून खेळाच्या मैदानाचे आरक्षण दाखवले होते. नकाशा खोटा नव्हता, जमीन सरकारचीच आहे. पण तिथे माणसे आहेत, पीक आहे, हे त्या नकाशाला माहीत नव्हते.

माझे म्हणणे या एका गोष्टीत आहे. शहरालगतच्या गावांचे नियोजन जमिनीचा मालक कोण हे पाहून होते, त्या जमिनीवर जगतो कोण हे पाहून होत नाही. ही पद्धत बदलली नाही तर शहर जितके वाढेल तितका बौद्धपुरा पुन्हा एकदा वेशीबाहेर फेकला जाईल.

कडेची जागा आता मोक्याची झाली

गावाने आपल्याला कडेला का बसवले हे नव्याने सांगायला नको. पांढरीत जागा सवर्णांची आणि कडेची, खोलगट, नाल्याजवळची जागा आपली. जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, आणि ज्यांच्या नावावर होता त्यांच्यातल्या कित्येकांचा सावकाराकडे गेला. म्हणून आपला माणूस सालदार राहिला, मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याचे वावर केले, आणि बाईने निंदण, सोंगणी, कापूस वेचणी केली. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात सुमारे वीस टक्के आणि अमरावती जिल्ह्यात सुमारे साडेसतरा टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे. राज्याचा आकडा बारा टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे वऱ्हाडात शहरालगतच्या जमिनीचा प्रश्न हा मोठ्या प्रमाणावर आपल्याच लोकांचा प्रश्न आहे.

शहर गावाकडे येते तेव्हा ते आधी कडेलाच पोहोचते. ज्या जागेला शंभर वर्षे कोणी विचारले नाही ती जागा एकाएकी रस्त्याला लागून असलेली जागा होते. कडेचे वावर ज्यांच्या नावावर आहे ते विकून मोकळे होतात. त्यात सगळे श्रीमंत असतात असे नाही. नकाशा जाहीर होण्याआधीच ज्यांना त्याची खबर असते ते लहान शेतकऱ्याकडून शेताच्या भावाने जमीन घेतात आणि प्लॉटच्या भावाने विकतात. कुणबी, माळी समाजातला दोन एकरवालाही यात फसतो. पण त्याच्या हाती निदान एकदा तरी पैसा येतो. त्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराच्या हाती काय येते?

संपादनात मजूर आहे, विक्रीत नाही

इथे कायद्याची एक बाजू समजून घेतली पाहिजे. २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो की ज्या कुटुंबाकडे जमीन नाही पण जे संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवरच्या मजुरीवर किंवा कुळाने करून जगत होते, तेही बाधित कुटुंब आहे. पुनर्वसनात त्याचा विचार झाला पाहिजे. हे मोठे पाऊल होते. या देशाच्या कायद्याने पहिल्यांदा मान्य केले की जमीन गेली की मालकाबरोबर मजूरही उजाड होतो.

पण अमरावती-अकोल्याच्या भोवतालची बहुतेक शेती संपादनाने जात नाही. ती झोन बदलल्याने आणि खाजगी विक्रीने जाते. सरकारने जमीन घेतलीच नाही, त्यामुळे बाधित कोणी नाही असा त्याचा अर्थ निघतो. गेल्या काही वर्षांत महसूल संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमे आली. विकास आराखड्यात जमीन राहण्याच्या भागात आली, किंवा ती गावठाणापासून २०० मीटरच्या आत असली, की ठरलेला कर भरून ती बिनशेती मानली जाते. मालकाचा हेलपाटा वाचला, चांगले झाले. पण त्याच वावरात वर्षाचे शंभर-सव्वाशे दिवस काम मिळणाऱ्या बायांना कोणी नोटीस दिली का? त्यांच्यासाठी नकाशावरचा रंग बदलणे हेच संपादन आहे. फरक इतकाच की त्याला पंचनामा नाही, मोबदला नाही, दाद मागायला जागा नाही.

समृद्धी महामार्गातही हेच दिसले. त्याची बरीचशी जमीन थेट खरेदीने घेतली गेली, मालकांना दराच्या पाचपट मोबदल्याची चर्चा सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. त्या वावरांतल्या सालदारांची चर्चा कोणी ऐकली?

त्यातही गंमत अशी की ले-आऊट पडले म्हणजे लगेच घरे होतात असे नाही. कित्येक ले-आऊट वर्षानुवर्षे तसेच पडून असतात. तिथे ना पीक, ना घर, नुसती काटेरी झुडपे. एकाची गुंतवणूक वाढत राहते आणि दुसऱ्याची मजुरी कायमची जाते.

ई-क्लासचा इतिहास विसरू नका

ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी ई-क्लासची, म्हणजे गायरानाची पडीत जमीन वाहितीखाली आणली. ती चोरी नव्हती. त्यामागे आपल्या चळवळीचा इतिहास आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी सरकारची पडीत जमीन त्यासाठी राखून ठेवण्याची योजना मांडली. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. सरकारने मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले, त्यातला २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय महत्त्वाचा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची असे त्यात ठरले.

निर्णय झाला, पट्टे मात्र सगळ्यांना मिळाले नाहीत. तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असली तर पुरावा, नसली तर नाही. आणि नोंद घ्यायची की नाही हे ज्यांच्या हातात होते त्यांचे गावात कोणाशी बसणे-उठणे होते हे आपण जाणतो. आमच्याकडे येणाऱ्या लोकांच्या पिशवीत दंडाच्या जुन्या पावत्या असतात. चाळीस वर्षे दंड भरला, म्हणजे सरकारला ताबा माहीत होता. तरी पट्टा नाही.

त्यानंतर २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात त्याच वर्षी १२ जुलैचा शासन निर्णय आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची दखल घेतली आणि दोन लाख बावीस हजारांहून अधिक बांधकामांवर कारवाईची टांगती तलवार आली. गावोगाव नोटिसा लागल्या. पण जगपाल सिंग निकालाचा एक भाग अधिकारी कधी वाचून दाखवत नाहीत. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी निर्णयाने जमीन दिलेली असेल तर तो अपवाद होऊ शकतो, असे त्याच निकालात म्हटले आहे. तो अपवाद आपल्यासाठीच आहे. मात्र हातात पट्टा नसल्यामुळे तो आपल्याला लागू करून घेता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गावाच्या कडेला गुंठा-गुंठा पाडून बेकायदा विकलेल्या प्लॉटसाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे बांधकाम नियमित होणार होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० करण्यात आली. वीस वर्षांची सवलत एका दुरुस्तीत. तुकडेबंदी कायदा मोडून झालेल्या व्यवहारांनाही सरकार वेळोवेळी सूट देत आले आहे. गुंठेवारीत गरीब लोकही आहेत, आपले नोकरदार बांधवही आहेत, त्यांचे घर नियमित व्हायलाच हवे. पण ज्याने पैसे देऊन नियम मोडला त्याची तारीख वीस वर्षे पुढे जाते आणि ज्याने घाम गाळून पडीत जमीन कसली त्याची तारीख १४ एप्रिल १९९० वरच अडकून राहते, हा कोणता न्याय आहे?

अकोल्याचा धडा

२०१६ मध्ये अकोला महापालिकेची हद्दवाढ झाली. मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी, शिवर, भौरद, गुडधी, डाबकी अशी आजूबाजूची गावे शहरात आली. कागदावर ते लोक एका दिवसात शहरी झाले. त्यानंतर काय बदलते ते पाहा. ग्रामसभा संपते. ग्रामपंचायतीत हाक मारता येणारा सदस्य जातो आणि हजारो मतदारांच्या प्रभागाचा नगरसेवक येतो. रोजगार हमीचे काम ग्रामीण भागासाठी असल्याने तो हक्क जातो. घरकुलाची योजना बदलते आणि जागेच्या कागदाचा प्रश्न आणखी कठीण होतो. घरपट्टी वाढते. शेतमजूर मात्र शेतमजूरच राहतो, फक्त त्याच्या आजूबाजूला शेत उरत नाही.

अमरावतीची हद्द आज ना उद्या वाढणार आहे. ती वाढण्याआधी अकोल्याकडून शिकले पाहिजे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच सुशिक्षित बांधवांचा असतो. बाबासाहेबांनी शहरात जा म्हटले होते, मग शहर येत असेल तर रडता कशाला? बाबासाहेबांनी शहरात जायला सांगितले ते जातीच्या जाचातून सुटून शिक्षण, रोजगार आणि मान मिळावा म्हणून. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील लेखात त्यांनी शेतीवरचा भार कमी करायला उद्योग हवेत असे मांडले होते. उद्योग आधी, शेतीतून सुटका नंतर. इथे शेतीतले काम आधी जाते आणि बदल्यात मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणे मिळते. त्याला शहरात जाणे म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. गायरान मोकळे राहिले पाहिजे, गुरे चरली पाहिजेत. अगदी बरोबर. मग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने दिली जातात तेव्हा हा आक्षेप का येत नाही? गायरान वाचवायचे असेल तर सगळ्यांपासून वाचवा. फक्त बौद्ध आणि पारध्यांच्या झोपडीपुरते पर्यावरण आठवू नये.

तिसरा आक्षेप असा की भूमिहीनांना जमीन देणारी योजना आहेच. दादासाहेब गायकवाडांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. पण दराची मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख. शहराच्या वेशीवर इतक्या पैशात एकर तर सोडा, धड प्लॉटही येत नाही. म्हणजे जिथे मजुराचे काम सर्वात वेगाने जाते, नेमकी तिथेच ही योजना बंद पडल्यासारखी आहे.

आपण काय करू शकतो

नुसता निषेध करून नकाशा बदलत नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत हरकती व सूचना देता येतात. कलम २८ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. सातबारा लागत नाही, घराचा उतारा लागत नाही. भूमिहीन बाईचा अर्जही तितकाच कायदेशीर आहे. हरकती ऐकणाऱ्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात. आपले लोक तिथे जातच नाहीत, कारण नकाशा लागला हेच त्यांना कळत नाही. जे जातात ते आपल्या प्लॉटवरचे आरक्षण काढायला जातात.

माझ्या मते आपल्या हरकतींत आणि आंदोलनात या मागण्या आल्या पाहिजेत.

१. आराखड्याआधी जो विद्यमान जमीनवापराचा नकाशा होतो त्यात ई-क्लास कसणारी कुटुंबे, बटईदार, मजुरांच्या वस्त्या, स्मशानभूमी आणि विहार यांची नोंद घ्यावी.

२. १-ई च्या नोंदी आणि प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत त्या जमिनीवर कोणतेही आरक्षण टाकू नये. १९९० ची तारीख पुढे आणावी.

३. मोठ्या ले-आऊटमध्ये वीस टक्के घरे किंवा प्लॉट दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचा नियम एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, पण तो दहा लाखांवरच्या महापालिकांसाठी. २०११ ला अमरावती साडेसहा लाखांच्या आत होती, अकोला सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे दोन्ही शहरे सुटली. ही अट काढावी.

४. बौद्धपुऱ्याला लागून वाढीव गावठाणाची जागा आराखड्यातच दाखवावी. रमाई आवासचे घरकुल मंजूर होऊन जागेअभावी परत जाते, ते थांबेल.

५. झोन बदलला की सरकार आणि महापालिका कर व विकास शुल्क घेतात. त्याचा ठरावीक हिस्सा त्या गावातल्या भूमिहीन कुटुंबांच्या रोजगारासाठी आणि सबळीकरण योजनेतील दराची तूट भरण्यासाठी राखावा.

यात अशक्य काही नाही. मजूरही बाधित असतो हे तत्त्व २०१३ च्या कायद्याने मान्य केलेच आहे. ते फक्त नगररचनेच्या कार्यालयापर्यंत पोहोचवायचे आहे.

शेवटी थोडे आपल्याबद्दल. अकोला जिल्हा परिषदेत आपल्या विचाराच्या पक्षाची सत्ता अनेक वर्षे राहिली, याचा आपल्याला अभिमान आहे. तरीही पुतळा, प्रवेशद्वार आणि सभागृह यांवर आपण जितके भांडलो तितके नकाशावर भांडलो का? दादासाहेबांच्या सत्याग्रहाच्या आठवणी आपण जयंतीला काढतो, त्यांच्या काळातल्या जमिनीचे कागद मात्र कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत कुजत पडले आहेत.

म्हणून एक साधे काम सुचवते. आपल्या गावाचा नकाशा, गायरानाची यादी आणि १-ई चा उतारा माहितीच्या अधिकारात मागवा. रविवारी वंदना झाली की तो नकाशा विहाराच्या भिंतीवर लावा. प्रत्येक कुटुंबाला आपली जागा त्यावर खुणेने दाखवायला सांगा आणि लिहून घ्या. त्या आजींच्या गावात आम्ही हे केले. त्यांनी खेळाच्या मैदानाच्या रंगावर बोट ठेवले, गुरुजींनी तिथे त्यांचे नाव लिहिले. हरकतीच्या अर्जावर त्यांचा अंगठा आहे आणि आमच्याकडे त्याची शिक्का मारलेली पोच आहे. निकाल काय लागेल ते लागेल. पण तिथे कोणीच नव्हते असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

जय भीम.